टिंबवाली फुली

मी एक जुनं जनुक आहे. जुनं आणि मेलेलं. मेलेलं हे माझं म्हणणं नाही, शहाण्या माणसांचं आहे. त्यांनी माणसाच्या अंगातल्या सगळ्या जनुकांची झडती घेतली, कामाची कोणती आणि बिनकामाची कोणती ते ठरवलं, आणि माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, हे छद्मजनुक. म्हणजे जनुकाचं नुसतं सोंग, आत काही नाही. आपल्याच मयताची बातमी आपल्याच कानांनी ऐकावी, तशी माझी गत झाली.

मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला एक मारामारीची गोष्ट सांगायची आहे. तिच्यात रक्त आहे, मोडलेली हाडं आहेत आणि बापाने लेकाला मारलेले फटके आहेत. सुरुवात माझ्या जन्मापासून करतो, कारण तोही काही सुखाने झालेला नाही.

माणूस अजून माणूस झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. त्याच्या एका केसाळ पूर्वजाच्या पेशीत एक मानाचं जनुक होतं. ते माझं मूळ घराणं. त्याच्यापासून एक इवलंसं प्रथिन बनायचं, आजही बनतं. नाव युबिक्विटिन. जीभ अडखळत असेल तर खुशाल शिक्का म्हणा, कारण त्याचं काम शिक्क्याचंच आहे. पेशीत असंख्य प्रथिनं राबत असतात. एखादं वाकडं झालं, मोडलं, किंवा त्याची गरज संपली की त्याच्या अंगावर हा शिक्का चिकटवतात. एकावर एक, एकावर एक, माळच लावतात. अशी माळ लागली की त्या प्रथिनाचे दिवस भरले. पेशीत पिंपाच्या आकाराची यंत्रं असतात, तोंड अरुंद आणि पोटात धार. शिक्केवाल्या प्रथिनाला त्या तोंडाशी आणतात, त्याची घडी मोडतात, दोरीसारखं आत खेचतात आणि त्याची खांडोळी करतात. शिक्के मात्र आधी सोडवून घेतात, पुन्हा वापरायला. कसाई असून किती काटकसरी! तुम्ही हे वाचत असताना तुमच्या पापणीच्या कडेलाही ही कत्तल चालू आहे. ती थांबली तर आतला कचरा साठून पेशी गुदमरेल. तेव्हा नाकं मुरडू नका.

तर त्या मानाच्या जनुकाचा निरोप एकदा पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याकडे निघाला होता. वाटेत एका लुटारू विकराने, म्हणजे एन्झाइमने, त्याला गाठलं, त्याची उलटी नक्कल केली, दुसऱ्याच एका गुणसूत्राला घाव घातला आणि त्या जखमेत ती नक्कल कोंबली. ती नक्कल म्हणजे मी. घर परकं, शेजारी अनोळखी, आणि 'आता बोल' असा हुकूम देणारा भाग मागेच राहिलेला. त्यानंतर लाखो वर्षं मी मार खाल्ला. कधी उन्हाने, कधी नक्कल करताना झालेल्या चुकांनी माझी काही अक्षरं फिरली. मूळ घराण्याचा शिक्का आणि माझा शिक्का शेजारी ठेवले तर फरक तिळाएवढा. पण तीळ असतो तिथे असतो.

पिढ्यान्‌पिढ्या देहांमागून देह बदलत मी शेवटी एका भंगाराच्या वखारीत येऊन पडलो.

वखार गावाच्या कडेला होती. पत्र्याचं कुंपण, तेलाने काळी झालेली जमीन, आणि एकावर एक रचलेल्या मोडक्या गाड्या. मधोमध प्रेस. प्रेस म्हणजे लोखंडाची भली मोठी पेटी. तिच्यात गाडी टाकायची, वरून झाकण उतरतं, बाजूच्या भिंती पुढे सरकतात, आणि अख्ख्या गाडीचा संदुकीएवढा गठ्ठा होऊन बाहेर पडतो. प्रेसच्या शेजारी क्रेन आणि तिचा पाच बोटांचा लोखंडी पंजा. क्रेन आणि प्रेस दोन्ही एकाच काचेच्या खोपटातून चालायच्या. कुंपणाला लागून ऑफिस आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी जिन्याची एक खोली. घरातली माणसं तिथे राहायची.

ही वखार बाबांनी उभी केली. त्यांची मुलगी गाड्यांची तयारी बघायची. तिला सगळे, अगदी तिच्याहून म्हातारे गडीसुद्धा, ताई म्हणायचे. धाकटा मुलगा क्रेनवर बसायचा, म्हणून त्याचं नाव पडलं पंजा. मी या तिघांच्याही अंगात होतो. बाबांकडून दोन्ही लेकरांत उतरलेला.

तुम्ही विचाराल, पेशीच्या केंद्रकात वळकटीसारखा गुंडाळून ठेवलेला तू, तुला बाहेरचं दिसलं कसं? मित्रांनो, मी एका जागी नसतो. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत माझी प्रत असते. ताईच्या डोळ्याच्या पडद्यात मी आहे, कानाच्या आत आहे, तळहाताच्या घट्ट्यांखाली आहे. तिने जे पाहिलं, ऐकलं, सोसलं, ते मलाही मिळालं.

वखारीतली पद्धत अशी. गाडी आली की ताई तिचं तेल काढायची, बॅटरी उतरवायची, गॅसची टाकी असेल तर ती सोडवायची. मग लाल रंगात ब्रश बुडवून गाडीच्या नाकावर फुली मारायची. फुली म्हणजे प्रेस. लिहायला-वाचायला न येणारा गडीही फुली ओळखायचा. पण बाबांची आणखी एक खूण होती. फुलीच्या शेजारी एक टिंब. टिंबवाली फुली दिसली की गाडी तशीच उचलायची नाही. आधी पान्याने टपावर टोला मारायचा, थांबायचं, कान द्यायचा. आतून काही हललं नाही तरच उचलायची. फार पूर्वी एका गाडीच्या मागच्या बाकाखाली कुत्री व्यालेली होती, ते गठ्ठा बाहेर पडल्यावर कळलं. तेव्हापासून ज्या गाडीची दारं नीट बंद होत नाहीत, काचा फुटलेल्या आहेत, जिच्यात कुणी शिरू शकेल, तिला टिंब.

कुत्रीसाठी एवढं हळवं होणारा माणूस लेकाच्या बाबतीत कसा असेल असं तुम्हाला वाटतं? पंजा मिसरूड फुटायच्या वयाचा असताना त्याने एक टिंबवाली गाडी टोला न मारता उचलली. बाबांनी त्याला खोपटातून कॉलर धरून खाली ओढला. हाताशी इंजिनाचा जुना रबरी पट्टा पडला होता. तो उचलला आणि सगळ्या गड्यांसमोर त्याला फोडून काढला. पाठीवर, मांड्यांवर, हात मध्ये घातले तर हातांवर.

"रिकामी होती ना गाडी," तो ओरडत होता. "बाबा, रिकामी होती."

"तुला कुठे माहीत होतं?" बाबा म्हणाले, आणि पट्टा पुन्हा उचलला.

ताईने मध्ये पडून तो पट्टा आपल्या दंडावर घेतला. त्या दंडातल्या पेशी फुटल्या तेव्हा मी तिथे होतो. काळानिळा वळ उठला. आतमध्ये शिक्केवाल्यांची धावपळ उडाली, फाटलेली प्रथिनं पिंपांकडे ओढत नेली. अशा वेळी कत्तलीलाच दुरुस्ती म्हणतात. आठवड्याभरात दंड पूर्ववत झाला. पंजाच्या पाठीतही माझ्या प्रती होत्या, तिथलीही कातडी भरली. पण त्याच्या मनात जे बसलं, त्याला चिरायला कुठलंच पिंप नव्हतं.

वर्षं गेली. बाबांचे गुडघे गेले, नजर अधू झाली, जीभ मात्र तशीच राहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, तसं. वखार पंजाच्या हातात आली. त्याने नवी प्रेस आणली, आणि पहिल्याच दिवशी गड्यांना गोळा करून सांगितलं, "फुली म्हणजे फुली. टिंबबिंब काही नाही. प्रत्येक गाडीला टोले मारत बसलो तर संध्याकाळपर्यंत निम्मासुद्धा माल निघायचा नाही."

बाबा जिन्यावरून ऐकत होते. ते खाली उतरले ते पाना घेऊनच. पाना पंजाच्या खांद्यावर बसला. पंजा आता मिसरूड फुटलेला पोरगा नव्हता. त्याने बापाला छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. बाबा मागे मडगार्डांच्या ढिगावर पडले, डोकं फुटलं, पांढऱ्या केसांतून रक्त कानामागे उतरलं. गडी बघत राहिले. खाण तशी माती, दुसरं काय.

"तुझंही हेच करायचं राहिलं होतं का रे?" ताईने विचारलं. ती बाबांच्या डोक्याला फडकं दाबून धरत होती.

"मी कुठे पट्टा उचलला?" पंजा म्हणाला. "एकदाच ढकललं. त्यांनी किती वेळा मारलं, सांग ना."

ताईने फडक्याची घडी उलटून पुन्हा दाबली. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचाही तिला तेव्हा सारखाच संताप आला होता.

त्या दोघांचा राग कुठून आला, हे मी माझ्या परीने शोधून पाहिलं आहे. मित्रांनो, माझ्यात तो लिहिलेला नाही. माझ्या शेजारपाजारीही मला सापडला नाही. तो पट्ट्यातून आला असावा.

तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं तुटलं. बाबा लाल रंगाचा डबा घेऊन वखारीत हिंडायचे आणि मनाला येईल त्या गाडीवर टिंब काढायचे. नजर अधू, हात थरथरता. कुणाच्या दारावर टिंब, कुणाच्या चाकावर टिंब, एकदा तर एका गड्याच्या सदऱ्यावर. गडी हसायचे. पंजा म्हणायचा, "काढू द्या. तेवढाच वेळ जातो त्यांचा. कुणी बघायचं नाही म्हणजे झालं." हळूहळू कुणीच बघेनासं झालं. खरं सांगायचं तर ताईसुद्धा.

मला त्या टिंबांकडे पाहून आपलेपणा वाटायचा. ती दिसत होती, पण कुणी वाचत नव्हतं. माझंही तेच चाललं होतं. मी बोलत होतो, मित्रांनो. हुकूम देणारा भाग नसतानाही, शेजारच्यांच्या गडबडीत, अधूनमधून माझा निरोप निघत होता आणि माझा शिक्का बनत होता. पण त्याच्याकडे पाहणारे म्हणायचे, हा मोठ्या घराण्याचाच शिक्का असणार, हे मेलेलं कुठलं बोलायला!

मग ती दुपार आली. वखारीत एक जुनी रुग्णवाहिका आली होती. ताईने तेल काढलं, बॅटरी उतरवली, नाकावर फुली मारली आणि ती बाबांचं ताट घेऊन जिना चढली. खोली रिकामी होती. खाटेखालचा रंगाचा डबा नव्हता. गेले असतील हिंडायला, असं म्हणून तिने ताट झाकलं आणि सहज खिडकीतून खाली पाहिलं.

पंजाने रुग्णवाहिका उचलली होती. लोखंडी बोटं टपात घुसली होती आणि गाडी हवेत झुलत होती. तिच्या नाकावर ताईची फुली होती आणि शेजारी टिंब. टिंबाचा रंग ओला होता. त्याचा ओघळ फुलीवरून खाली उतरत होता.

ओला. म्हणजे आत्ताचा. रुग्णवाहिकेत मागे रुग्ण झोपवायचा बाक असतो, गुडघे गेलेल्या माणसाला दुपारी पाठ टेकायला बरा. आपण आत निजणार, म्हणून म्हाताऱ्याने बाहेर टिंब काढून ठेवलं होतं. त्यांचा अजून त्या टिंबावर विश्वास होता.

ताई जिना उतरली नाही, घसरत आली. "थांब," ती ओरडत होती. "अरे थांब, बाबा आहेत." पंजाच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या होत्या. रुग्णवाहिका पेटीत आदळली. त्या दणक्याने बाबांचं कंबरडं मोडलं, हे नंतर कळलं. झाकण खाली येऊ लागलं.

प्रेसच्या अंगाला एक लाल दांडा असतो. तो ओढला की सगळं जागच्या जागी थांबतं. ताईने तो दोन्ही हातांनी ओढला. दांडा हलला नाही. ट्रकांच्या हादऱ्याने तो आपोआप पडतो आणि काम खोळंबतं, म्हणून पंजानेच तो तारेने आवळून बांधून टाकला होता. आतून टोला ऐकू आला. पत्र्यावर मुठीचा टोला. मग दुसरा. ज्या माणसाने आयुष्यभर बाहेरून टोले मारले, तो आता आतून मारत होता.

ताईच्या अंगात तेव्हा काय झालं ते मी सांगू शकतो. रक्तात आग उतरली. मांडीचे स्नायू फाटत होते आणि तिला कळत नव्हतं. तिने पहार उचलली आणि झाकणाच्या बिजागरीच्या फटीत घुसवली. पहार वाकली, किंचाळली, तशी तिने ती उजव्या हाताने आणखी आत दाबली. पहार सटकली. हात आत राहिला.

तर्जनी आणि मधलं बोट. फुली मारायची तीच बोटं. हाड पिठासारखं झालं, माझ्या कोट्यवधी प्रती एका क्षणात चिरडल्या, शिक्का लावायलासुद्धा कुणाला सवड मिळाली नाही. ताई झाकणाला हाताने लटकली आणि तिने जो आवाज काढला, तो टोप्यांमधून पंजाला ऐकू गेला, की त्याने नुसतं रक्त पाहिलं, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याने प्रेस थांबवली आणि झाकण उचलायचा खटका ओढला.

झाकण वर गेलं. पंजा पेटीत उतरला आणि रुग्णवाहिकेचं चेपलेलं दार त्याने नुसत्या हातांनी फाडलं. तळहात सोलून निघाले. आत टप बाबांच्या छातीवर टेकला होता. बाबा जिवंत होते. बरगड्या मोडल्या होत्या, तोंडातून रक्त येत होतं आणि डोळे उघडे होते. त्यांना बाहेर काढून काळ्या जमिनीवर निजवलं. ताई शेजारी बसली होती, हात फडक्यात गुंडाळून.

बाबांनी लेकाकडे पाहिलं. किती वर्षांनी ते त्याच्याशी बोलले. "टिंब दिसलं नाही तुला?"

'नाही' म्हटलं असतं तर कुणाला काय कळलं असतं? काच धुळकट होती, ऊन समोरून होतं, कुणीही मान्य केलं असतं.

"दिसलं," पंजा म्हणाला. "बघायचं नाही असं मीच ठरवलं होतं."

बाबांनी हात उचलला. मारायलाच उचलला, त्याबद्दल माझी खात्री आहे. तो पंजाच्या गालावर पडला, पण त्यात जोर उरला नव्हता. पंजा तसाच वाकून राहिला, दुसऱ्या फटक्याची वाट बघत. फटका आला नाही. मग तो उठला, खोपटाकडे गेला आणि त्याने मुठीने खोपटाची काच फोडली. एक झाली, दुसरी झाली, तिसरीच्या वेळी गड्यांनी त्याला धरला.

इस्पितळात शल्यचिकित्सकाने ताईला सांगितलं की बोटं जोडता येणार नाहीत. तिथे एक संशोधिका आली. बारीक आवाजाची, बोलताना बोटांतलं पेन फिरवणारी. ती म्हणाली, "त्या बोटांच्या कातडीचा एखादा तुकडा आम्हाला मिळेल का? पेशी वाढवून बघायच्यात. तुमची हरकत असेल तर राहू दे."

"घ्या," ताई म्हणाली. "प्रेसला दिलीच आहेत, तुम्हाला कशाला नाही म्हणू?"

अशा रीतीने मी एका काचेच्या बशीत राहायला गेलो. गुलाबी पाणी, उबदार कपाट, कुणाचा राग नाही, कुणाचा टोला नाही. मी म्हटलं, चला, म्हातारपण सुखाचं. पण संशोधिकेने पेशी फोडल्या, आतली प्रथिनं कापली आणि तुकड्यांची वजनं घेणाऱ्या यंत्रात घातली. शिक्क्यांच्या ढिगात तिला काही शिक्के तिळाएवढे वेगळे दिसले. तिच्या सरांनी चष्मा कपाळावर ढकलून सांगितलं, "यंत्राची चूक. ते जनुक मेलेलं आहे."

"कुणी ठरवलं, सर?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी," सर म्हणाले.

तिने पुन्हा वजनं घेतली. मग तिने तेच केलं जे मला कधीच आवडणार नाही. काही पेशींत तिने रेणूंची कात्री सोडली आणि मला मधोमध तोडलं. मी असतो की नसतो याने काही फरक पडतो का, ते तिला बघायचं होतं. मी नसलेल्या पेशींत केंद्रकाची भिंत वेडीवाकडी दिसू लागली. भिंत धरून ठेवणाऱ्या काही प्रथिनांवर माझा शिक्का बसत होता, आणि तो बसला म्हणून ती पिंपात जात नव्हती. मोठ्या घराण्याचा शिक्का सहसा म्हणतो, चिरा. माझा काहीतरी वेगळं म्हणत होता. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ते पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकले. मग म्हणाले, "मेलेलं नाही तर." एवढीच माझी वाहवा. एवढीही पुरली मला.

पट्टी सोडवायच्या दिवशी ताई प्रयोगशाळेत आली. तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून पंजा तिला घेऊन आला होता. संशोधिकेने त्यांना सूक्ष्मदर्शकातून तिच्या बोटाच्या पेशी दाखवल्या आणि शिक्क्याची गोष्ट सांगितली. एक शिक्का चिरायचा, आणि एक त्याच्यासारखाच दिसणारा, इतके दिवस कुणी लक्षात न घेतलेला.

"वाढतायत की," ताई म्हणाली. "इथे आहेत तर हातावर का उगवत नाहीत मेली?"

पंजा हसला नाही. त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "हे दुसरं," तो म्हणाला, "ते वाचतं कोण?"

"अजून सापडलं नाही," संशोधिका म्हणाली. "पण कुणीतरी वाचत असणार. नाहीतर भिंत का बिघडली असती?"

वखारीत पोचल्यावर पंजाने पक्कड घेतली आणि लाल दांड्याची तार तोडली. मग प्रेसच्या रांगेत उभ्या असलेल्या पहिल्या गाडीपाशी जाऊन त्याने टपावर पान्याने टोला मारला आणि कान देऊन उभा राहिला. गड्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

बाबा आता वरच्या खोलीतून उतरत नव्हते. मोडलेलं कंबरडं नीट सांधलं नाही. खाट खिडकीशी होती. पंजा जेवण घेऊन गेला तर ते भिंतीकडे तोंड करायचे, आणि एकदा तर त्यांनी पाण्याचा पेला त्याच्या कपाळावर फेकून मारला. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. पण पहिल्या गाडीवर टोला पडला की थोड्या वेळाने वरच्या खिडकीतून काठीचा टोला यायचा, खाटेच्या लोखंडी पट्टीवर. दिवसातून एकदाच, सकाळच्या पहिल्या गाडीला. मग पंजा खोपटात चढायचा. काठीचा टोला ऐकल्याशिवाय त्याने एकदाही क्रेन सुरू केली नाही.

एका सकाळी त्याने टोला मारला आणि वरून उत्तर आलं नाही. त्याने आणखी एक मारला. मग आणखी जोरात. टपाला पोचा पडला. गाडी रिकामी होती, तिच्या सगळ्या काचा शाबूत होत्या. पंजाने पाना हातात तसाच ठेवला आणि तो जिना चढला. ताई चहा घेऊन मागून आली.

काठी बाबांच्या हातातच होती. पंजाने खाटेच्या पट्टीवर पान्याने एक टोला मारला, हलकाच, आणि कान देऊन उभा राहिला. ताईने चहा खाली ठेवला आणि तिच्या अर्ध्या हाताने त्याचा पाना धरला. पण त्याने तो सोडला नाही. तो थांबला होता. ऊन खिडकीतून खाटेवर आलं आणि खाटेवरून जमिनीवर उतरलं, तरी तो थांबला होता.

बाबांच्या अंगातल्या माझ्या प्रती त्या दिवशी विझल्या. पेशींना रसद मिळेनाशी झाली, पिंपं फुटली, शिक्के इतस्ततः सांडले. पण ताईत मी आहे, पंजात आहे, आणि बशीत तर रोज वाढतो आहे. पंजा आजही पहिल्या गाडीला टोला मारतो आणि मग वर खिडकीकडे बघतो.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या अंगात, तुमच्या रस्त्याच्या कडेला अशा कितीतरी गोष्टी पडल्या असतील ज्यांचं काम संपलं असं कुणीतरी कधीतरी ठरवलं आहे. त्या सगळ्या सांभाळा असं मी म्हणत नाही. काही चिरडाव्याच लागतात, मी कसायांच्याच घरात जन्मलो, मला ते कळतं. माझी एवढीच विनवणी आहे. फुली मारा, खुशाल मारा. पण उचलण्याआधी एक टोला मारा, आणि आतल्याला उत्तर द्यायला वेळ द्या. गाडी रिकामी होती असं नंतर म्हणू नका. तुम्हाला कुठे माहीत होतं?